तंबूतील ऊब (कोल्हापूर परिसर)

उघड्यावर तंबू ठोकून रात्र काढताना अंगची उष्णता टिकवण्यासाठी जागा, तळ, अंथरूण, पांघरूण, कपडे आणि तंबूतली हवा यांची जी व्यवस्था केली जाते, तिला ही नोंद वाहिलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्यात अशा मुक्कामाचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ठिकाणे बहुतेक पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड आणि चंदगड या तालुक्यांत येतात.

हिवाळ्यात कोल्हापूर शहराचे पहाटेचे तापमान साधारणपणे १४-१५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कडाक्याच्या रात्री ते १० अंशांजवळ उतरते. हा आकडा पाहून नवखा माणूस एक चादर आणि हवेची उशी घेऊन निघतो आणि पहाटे तीनला गुडघे पोटाशी घेऊन काकडत बसतो. एवढ्या तापमानाला घरात पंखा बंद केला की भागते, मग तंबूतच हुडहुडी का भरते? याचे उत्तर हवेपेक्षा जमिनीत अधिक आहे.

थंडी कुठून लागते

जाड पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. माणूस तिच्यावर आडवा झाला की पाठीखालचा भाग चेपून पापडासारखा सपाट होतो, हवा निघून जाते आणि त्या बाजूची ऊबही जाते. खाली असलेली जमीन मात्र अंगाची उष्णता रात्रभर शोषतच राहते. तिला तापवून आपल्या बरोबरीला आणणे कुणालाच शक्य नाही. म्हणून वर कितीही पांघरले तरी खांदा आणि कंबर गार पडते. 'अजून एक ब्लँकेट' हा नवख्यांचा पहिला उपाय असतो आणि तो बहुधा चुकीच्या बाजूला, वर घातला जातो.

बाकीच्या वाटा तीन. वारा अंगाभोवतीची ऊबदार हवा उडवून नेतो. निरभ्र रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते. झाडाखाली दव कमी पडते ते यामुळेच. तिसरी वाट ओलाव्याची : पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे दिवसभर चालून घामेजलेला सुती बनियन रात्री अंगावर तसाच ठेवणे महागात पडते.

जागा

दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. पन्हाळा भोवतालच्या सपाटीहून सुमारे ४०० मीटर उंच, म्हणजे या हिशेबाने फरक अडीच अंशांचा. पण शांत, निरभ्र रात्री हा हिशेब उलटतो. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते आणि ओढ्याकाठची जागा वरच्या टेकाडापेक्षा गार होते. राधानगरी, काळम्मावाडी किंवा तुळशी जलाशयाचा काठ छायाचित्राला फार छान असतो, पण पाण्यालगत तंबू लावला तर सकाळी सगळे अंथरूण दमट निघते. काठापासून मागे सरून दहा-पंधरा मीटर उंचावरची जागा धरली तरी फरक जाणवतो. शिवाय पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही मोकळी राहते. राधानगरी परिसरात ती जनावरे म्हणजे गवे, हे लक्षात ठेवलेले बरे.

मसाई पठारासारख्या सड्यांवर गोष्ट वेगळी. तिथे दव हा दुय्यम शत्रू, खरा त्रास वाऱ्याचा आणि जांभ्या दगडाचा. जांभ्यात मेख शिरत नाही. ठोकत राहिले की वाकते. अशा वेळी तणाव्याचे (तंबू ताणून धरणाऱ्या दोरीचे) टोक वीतभर काडीला बांधावे, काडी एका मोठ्या दगडामागे, तंबूपासून लांबच्या बाजूला आडवी अडकवावी आणि तणाव्यावर दुसरा धोंडा ठेवावा. दगड उचलताना हात खाली घालू नये. पायाने किंवा काठीने आधी आपल्याकडे कलंडवावा, कारण त्याखाली विंचू असण्याची शक्यता भरपूर. माती असेल तिथे मेख डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकेल अशी तिरकी ठोकावी. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट दिशेला.

अभयारण्यात आणि संरक्षित गडांवर मुक्कामापूर्वी वन विभाग किंवा पुरातत्त्व विभागाकडून परवानगीची चौकशी करणे आवश्यक आहे. जवळच्या वाडीत शेतमालकाला विचारून त्याच्या पडीक शेतात तंबू लावणे नवख्यांसाठी सर्वांत सोपे, आणि पुढे सांगितलेले पिंजरही (भाताचा पेंढा) तिथेच मिळते.

तळ

मॅट किती ऊब अडवते ते आर-मूल्याने मोजतात. मूल्य जितके मोठे तितका अडथळा जास्त. ट्रेकर वापरतात ती साधी फोमची कॅरीमॅट जाडीनुसार १ ते २ इतकी भरते, आणि कोल्हापूरच्या हिवाळ्याला २ पुरेसे होते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की मूल्यांची बेरीज होते. म्हणून महागड्या एका मॅटपेक्षा दोन स्वस्त कॅरीमॅट हा सुरुवातीला शहाणपणाचा सौदा. फुगवायची साधी हवेची गादी मऊ लागते, पण आतली हवा फिरत राहते आणि जमिनीचा गारठा थेट पाठीपर्यंत आणते. ती वापरायचीच तर तिच्यावर कॅरीमॅट किंवा घोंगडे हवेच.

क्रम असा : जमीन खडे-काटे वेचून साफ करावी. भातपट्ट्यात पिंजर मिळाले तर त्याचा वीतभर थर द्यावा. झोपल्यावर तो चेपून चार बोटांवर येतो, आणि तेवढा पुरतो. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर तंबू, आत मॅट, मॅटवर घोंगडे. पिंजर कोरडेच हवे. उसाचे पाचट सगळीकडे फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण त्याच्या पात्यांच्या कडा कापतात आणि तंबूच्या तळाला भोके पाडतात. वापरलेच तर वर जाड तरट टाकावे. दोन्हींपासून आग आणि चूल लांब ठेवावी.

ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सर्व बाजूंनी चार बोटे लहान असावी. ती बाहेर डोकावत असेल तर वरून ओघळलेले दव किंवा पाऊस तिच्यावर जमतो आणि सरळ तंबूखाली जातो. 'मोठी असली की बरी' या समजापोटी होणारी ही चूक सर्रास दिसते.

पांघरूण

आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या स्लीपिंग बॅगवर तापमानाचे वेगवेगळे आकडे असतात. 'कम्फर्ट' हा सैल पडून आरामात झोपण्याचा, 'लिमिट' हा अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचा आणि 'एक्स्ट्रीम' हा जीव वाचवण्याचा. दुकानात बहुधा सर्वांत कमी आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात. खरेदी मात्र कम्फर्टवरूनच करावी. या भागासाठी कम्फर्ट ८ ते १० अंश ठीक, थंडी सोसवत नसेल तर ५. हे आकडे खाली मॅट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे आतले कपडे व मोजे गृहीत धरून काढलेले असतात. बॅग झोपण्याआधी अर्धा तास उघडून झटकून ठेवावी, म्हणजे ती फुगते.

बॅग विकत घ्यायलाच हवी असे नाही. घरची वाकळ (गोधडी) आणि एक घोंगडे ही जोडी या तापमानात कुठेही कमी पडत नाही. वजन जास्त एवढीच तक्रार, आणि गाडी तंबूपर्यंत जात असेल तर तीही उरत नाही. हातमागावरच्या घोंगड्यांसाठी हातकणंगले तालुक्यातले पट्टण कोडोली ओळखले जाते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही ओली लागत नाही, त्यामुळे दवाच्या रात्री घोंगडे उपयोगी पडते. ते टोचते म्हणून आतून सुती चादर लावावी. वाकळ मात्र सुती असते. ती भिजली की सकाळपर्यंत वाळत नाही, म्हणून प्रवासात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावी.

कपडे, जेवण, गरम पाणी

झोपताना घालायचा जोड वेगळा आणि कोरडा ठेवावा, मोज्यांसकट. मोजे घट्ट नकोत, कारण रक्त खेळले नाही की पाय गारच राहतात. डोक्याला माकडटोपी. तोंड बॅगेत घालून झोपू नये, कारण श्वासाची वाफ आत साठून पहाटे पांघरूण ओलसर करते.

पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली टिकवते. म्हणून गारठलेल्या अंगाने आत शिरण्याऐवजी आधी पाच मिनिटे चालावे किंवा उठाबशा काढाव्यात, पण घाम येईपर्यंत नको. रात्री पोटभर जेवण हवे : भाकरी-पिठले, वर तूप, झोपताना गूळ-शेंगदाणे. तांबड्या रश्श्याने कानशिले तापतात, पण रात्रभराचा आधार भाकरीचाच. दारूने त्वचेकडे रक्त धावून गरम वाटते, प्रत्यक्षात अंगची उष्णता वेगाने जाते.

रबरी पिशवीत गरम पाणी भरून, मोज्यात गुंडाळून मांड्यांच्या मध्ये किंवा पायाशी ठेवल्यास पहिले दोन-तीन तास सुखाचे जातात. एकपदरी स्टीलची बाटलीही चालते. थर्मास चालत नाही; उष्णता बाहेर न सोडणे हेच त्याचे काम. पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटलीत उकळते पाणी ओतले तर ती आक्रसते आणि रात्री अंथरुणात फुटू शकते.

तंबूतले दव

'तंबू गळतो' ही तक्रार हिवाळ्यात बहुधा खोटी असते. श्वासाची वाफ गार कापडाला लागून पाणी होते. ऊब राहावी म्हणून सगळ्या खिडक्या बंद करणाऱ्यांचे अंथरूण सर्वांत आधी ओले होते. वरची झडप उघडी, दाराची चेन वर चार बोटे उघडी (जाळी मात्र पूर्ण बंद), बाहेरचे कापड ताणलेले आणि आतल्या कापडाला न टेकणारे असावे. ओले कपडे आणि बूट दोन कापडांमधल्या जागेत ठेवावेत. सकाळी बूट झटकूनच पाय घालावा.

आगीचा धोका

तंबूत शेगडी, गॅस किंवा निखाऱ्यांची पाटी कधीही घेऊ नये. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. शेकोटी परवानगी असेल तिथेच, तंबूपासून आठ-दहा मीटरवर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जंगलात ती नकोच.

थरथर अचानक थांबून बोलणे अडखळू लागले, माणूस सुस्तावला, तर ती थंडी अंगात शिरल्याची खूण आहे. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर कोमट गोड चहा पाजावा, हातपाय चोळू नयेत आणि दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात

गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे १८-२० अंशांतही हुडहुडी भरते, ती भिजल्यामुळे. या दिवसांत नवख्यांनी तंबूऐवजी गावातली शाळा, देऊळ किंवा घराची ओसरी विचारावी.

परतताना

तंबू उन्हात उलटा टाकून तळही वाळवावा. दमट गुंडाळलेल्या कापडाला दोन दिवसांत बुरशी धरते. ऊन येईपर्यंत थांबायला वेळ नसेल तर पुसून न्यावा आणि घरी पोहोचताच गच्चीवर पसरावा. स्लीपिंग बॅग लहान पिशवीत कोंबून ठेवू नये, सैल टांगावी. घोंगडे सावलीत वाळवून कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवतात.