बेस जंपिंग

बेस जंपिंग : विमानातून नाही, तर जमिनीवर पक्क्या उभ्या असलेल्या उंच ठिकाणावरून पॅराशूट बांधून उडी मारायचा प्रकार. 'बेस' हे चार इंग्रजी आद्याक्षरांचं कडबोळं, बिल्डिंग म्हणजे इमारत, अँटेना म्हणजे टॉवर, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे डोंगरकडा. चारही ठिकाणांहून एकेक उडी झाली की उडी मारणाऱ्याला अनुक्रमांक मिळतो. पहिले दोन क्रमांक १९८१ च्या जानेवारीत फिल स्मिथ आणि फिल मेफिल्ड यांना मिळाले, तिसरा जीन बोनिश यांना आणि चौथा त्यांचे पती कार्ल बोनिश यांना.

पहिली उडी कोणाची, यावर मात्र बराच घोळ आहे. पुष्कळ ठिकाणी फाउस्तो वेरान्झिओ या जुन्या संशोधकाचं नाव दिलेलं असतं. त्याच्या साधारण १६१५-१६ च्या सुमारास छापलेल्या ग्रंथात चौकोनी चौकटीला कापड ताणून मनोऱ्यावरून उतरणाऱ्या माणसाचं चित्र आहे, आणि १६१७ मध्ये त्यानं स्वतः व्हेनिसच्या सेंट मार्क मनोऱ्यावरून उडी मारली असं सांगितलं जातं. चित्र खरं आहे, उडीचं काही पटत नाही. वेरान्झिओ १६१७ च्या जानेवारीतच वारला, तेव्हा वय पासष्टीचं, आणि पुरावा म्हणून ज्याचा दाखला देतात त्या जॉन विल्किन्सच्या १६४८ च्या ग्रंथात विषय उडण्याचा आहे, त्यात ना वेरान्झिओचं नाव ना पॅराशूट. एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं असाच हा प्रकार दिसतो. त्यापेक्षा लनॉर्मां या फ्रेंच माणसाची १७८३ ची, मॉन्पेलिएच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरची उडी बरीच भक्कम आहे, 'पॅराशूट' हा शब्दही त्याचाच मानतात, पण त्याचा हेतू आग लागलेल्या घरातून माणसं सुटावीत असा होता, त्याला खेळ म्हणणं जरा ओढूनताणूनच.

१९१२ च्या फेब्रुवारीत दोन दिवसांच्या अंतरानं दोन उड्या झाल्या. २ तारखेला फ्रेडरिक लॉ न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून उडी मारून सुखरूप उतरला, आणि ४ तारखेला फ्रान्झ राइशेल्ट हा शिंपी स्वतः शिवलेला पॅराशूटचा पोशाख घालून आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून, म्हणजे जेमतेम ५७ मीटरवरून, कॅमेऱ्यासमोर पडला आणि जागीच गेला. पुढं १९६६ मध्ये ब्रायन शूबर्ट आणि मायकेल पेल्की यांनी अमेरिकेतल्या योसेमिटीच्या एल कॅपिटान कड्यावरून गोल पॅराशूटनं उडी मारली, दोघांचीही हाडं मोडली, कारण गोल छत्रीला दिशा देता येत नाही आणि वारा तिला सरळ कड्यावर आपटतो.

या सगळ्या उड्यांना बेस जंपिंगची पूर्वपीठिका म्हणावं, सुरुवात धरायची तर ८ ऑगस्ट १९७८ ची, असं मत जास्त सयुक्तिक वाटतं. त्या दिवशी कार्ल बोनिशच्या चमूनं एल कॅपिटानवरूनच चौकोनी, हवेनं फुगणाऱ्या कप्प्यांचे पॅराशूट वापरून उड्या मारल्या आणि त्याचं चित्रीकरण केलं. या छत्रीला सुकाणू असतं, कड्यापासून लांब वळता येतं. नुसतं धाडस तर राइशेल्टकडेही होतं.

तयारीचा खरा भाग घडी घालण्यात आहे, उडी त्यामानानं काही सेकंदांची. हवेचा विरोध सोडला तर पहिल्या सेकंदात माणूस सुमारे ५ मीटर पडतो, दोन सेकंदांत २० आणि तीन सेकंदांत ४४, म्हणजे ६० मीटरच्या पुलावर छत्री उघडायला जागा किती उरते ते बघा. स्कायडायव्हिंगमध्ये असते तशी दुसरी, राखीव छत्री इथं सहसा नसतेच, कारण ती उघडायला वेळच नसतो. म्हणून जमिनीवर कापड अंथरून एकेक कप्पा सरळ करायचा, दोऱ्या मधोमध आणायच्या, घडी सुटू नये म्हणून चिमटे लावायचे आणि पाठीवरची पिशवी बंद करण्याआधी ते मोजून काढायचे, एखादा आत राहिला तर संपलंच. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. कमी उंचीच्या उडीत स्लायडर, म्हणजे छत्री हळूहळू उघडावी म्हणून दोऱ्यांवर सरकणारा कापडाचा चौकोन, लावत नाहीत, पण मग एखादी दोरी छत्रीवरून पलीकडे जायचा धोका वाढतो, तो टाळायला मागच्या दोऱ्यांभोवती एक साधा रबरबँड गुंडाळतात, त्याला टेलगेट म्हणतात. छत्री ओढून काढणारा पायलट शूट, म्हणजे एक छोटी छत्री, हातात धरलेला असतो, उडी जितकी बुटकी तितका तो मोठा, चार फुटांपर्यंत.

उंची पूर्वी दगड टाकून सेकंद मोजून काढायचे, आता लेझरनं मोजतात, तरी दगड अजून बरेच जण टाकतात, वाऱ्याचाही अंदाज येतो.

सगळ्यात भीती असते ती छत्री उलट्या तोंडानं उघडण्याची. कड्याकडे तोंड झालं की मागचे रायझर, म्हणजे खांद्यावरचे पट्टे, ताबडतोब ओढून छत्री थांबवून वळवावी लागते. हे आधीच कमी व्हावं म्हणून ब्रेकच्या दोऱ्या घडीतच खोल ओढून ठेवतात, म्हणजे उघडताना पुढं धावण्याचा वेग कमी राहतो. नॉर्वेतल्या केराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्या आणि ९ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे साधारण २,३०० उड्यांमागे एक. पण हे एकाच, उंच आणि नियम असलेल्या कड्याचे आकडे आहेत, ते सरसकट लावू नयेत. कार्ल बोनिश १९८४ मध्ये नॉर्वेतल्याच ट्रोलव्हेगेन कड्यावरच्या उडीत मरण पावला. शूबर्टचा अंतही २००६ मध्ये न्यू रिव्हर गॉर्जच्या पुलावरच्या उडीत झाला, चाळीस वर्षांनंतर.

कायद्याचं जागोजागी वेगळं. योसेमिटीत १९८० मध्ये थोडे दिवस परवाने दिले आणि बंद केले, ट्रोलव्हेगेनवर १९८६ पासून बंदी, केरागवर चालतं, आणि अमेरिकेतल्या आयडाहोच्या १४८ मीटर उंच पेरिन पुलावर वर्षभर परवाना लागत नाही.

विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडाचे पंख असलेला पोशाख घालून मारायची उडी, ही नंतरची शाखा, स्वतंत्र नोंद पहावी. व्हॅलेरी रोझोव्हनं २०१३ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला ७,२२० मीटरवरून विंगसूट घालून उडी मारली. तिथं हवा इतकी विरळ की पंखांना उचल मिळेपर्यंत नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ नुसतं पडावं लागतं.