मँडोचेलोचा खर्ज आणि तारेतला गंधार

"जाड तार लावा, खर्ज आपोआप येतो." गेल्या महिन्यात एका वाद्यांच्या दुकानात हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, कारण ते अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे.

झालं असं की माझा मावसभाऊ बोटीवर नोकरीला आहे, त्याने येताना एक जुना मँडोचेलो आणला. मँडोलिन बहुतेकांनी पाहिलेलं असतं, निदान जुन्या हिंदी गाण्यांत ऐकलेलं तरी असतंच. मँडोचेलो म्हणजे त्याच घरातला भारदस्त आवाजाचा थोरला भाऊ. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि व्हायोलिनच्या कुळातल्या चेलोसारखंच सी, जी, डी, ए असं ट्यूनिंग. सगळ्यात खालचा सी म्हणजे ६५.४ हर्ट्झ (सेकंदाला ६५.४ कंपनं). आमच्या गिरगावातल्या खोलीत त्याने वाद्याची केस उघडली तर सी च्या दोन्ही तारा गायब, मग दुकानातून गिटारची सगळ्यात जाड तार आणली आणि लावली. ती नुसती फडफडली, परद्यांवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटून खर्रर्र आवाज, स्वर शोधूनही सापडेना.

का फडफडली ते सोपं आहे. गिटारची ती तार ८२.४ हर्ट्झच्या ई साठी बनवलेली. तारेची लांबी साधारण तेवढीच ठेवून स्वर सी पर्यंत उतरवला की ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे मूळ ताणाच्या जेमतेम ६३ टक्के उरतो. तार सैल, मग फडफडणारच.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो, लांबी, ताण आणि वजन (म्हणजे दर सेंटीमीटरमागे तार किती जड आहे ते). हे नियम मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मधे मांडले. आता मँडोलिनच्या सगळ्यात खालच्या जी पासून (१९६ हर्ट्झ) आपल्या सी पर्यंत यायचं तर कंपनं बरोब्बर तिसऱ्या हिश्श्यावर आणायची आहेत. नुसती लांबी वाढवून करायचं म्हटलं तर ३५ सेंटीमीटरची तार १०५ ची करावी लागेल, एवढ्या लांबीवर बोटं पुरणार नाहीत. नुसता ताण कमी करायचा तर नवव्या हिश्श्यावर, मग ती तार न राहता वाळत घातलेली दोरी होईल. म्हणून मँडोचेलोची तार साधारण ६३-६४ सेंटीमीटरच ठेवतात आणि उरलेलं काम वजनाकडून करून घेतात. इथपर्यंत दुकानदार बरोबर.

पण वजन हवं म्हणून सरळ जाड पोलादी तार लावली तर काय होईल? मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं, जरा धीर धरा.

तार छेडली की एकच स्वर येत नाही. ६५ च्या जोडीला १३१, १९६, २६२, ३२७ असे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर एकाच वेळी येतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. सी ला सा धरलं तर हे झाले सा, सा, पा, सा आणि पाचवा गंधार. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात ना, तोच हा.

पटी अशा स्वच्छ येतात त्या तार पूर्ण लवचिक असेल तेव्हाच. खऱ्या तारेला ताठपणा असतो, तिला वाकायला आवडत नाही. वरच्या हार्मोनिकमधे तारेला जास्त वेळा वाकावं लागतं, तिथे ताठपणा ताणाला मदत करायला लागतो आणि ते स्वर हिशोबापेक्षा चढे लागतात. आणि वाकण्याला होणारा हा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, जाडी दुप्पट तर ताठपणा सोळापट!

मी आकडे घालून बघितले. सी च्या तारेचं वजन गाठायला भरीव पोलादी तार १.७ मिलिमीटरची लागते. तिचा पाचवा हार्मोनिक मूळ स्वराच्या पाचपटीपेक्षा जवळजवळ १८ टक्के चढा येतो, म्हणजे जवळपास तीन सेमीटोन (हार्मोनियमवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). गंधार आपली जागा सोडून थेट पंचमाच्या दाराशी जाऊन बसतो! असा आवाज आपल्या कानाला तारेचा वाटतच नाही, भांड्यावर चमचा मारल्यासारखा वाटतो.

यावरचा उपाय सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाला, गुंडाळलेली तार. आत बारीक तार, तिच्यावर दुसरी तार स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळायची. वेटोळ्यांचं वजन मिळतं, पण वाकताना वेटोळी एकमेकांपासून जराशी सुटतात त्यामुळे ताठपणात त्यांची भर फार थोडी पडते, ताठपणा राहतो तो मुख्यतः आतल्या तारेचा. ती साधारण ०.५५ मिलिमीटर धरली तर भरीव तारेपेक्षा ताठपणा ऐंशी-नव्वद पटींनी कमी, आणि गंधार चढतो तो पाव टक्क्याच्या आसपास. मला हे इतकं सुंदर वाटतं की त्या रात्री मी मावसभावाला साडेबारापर्यंत कागदावर आकडेमोड दाखवत बसलो होतो. आपल्याकडे तानपुऱ्याच्या खर्जाला पितळेची तार लावतात त्यामागेही हेच, पितळ पोलादापेक्षा थोडं जड आणि ताठपणा जवळजवळ निम्मा.

आता कोणी म्हणेल गंधाराचं एवढं काय, आपल्याला खर्ज हवाय. तर मँडोचेलोची पोकळ लाकडी पेटी ६५ हर्ट्झ हवेत फेकायला लहान पडते, मूळ स्वर आपल्यापर्यंत फारच क्षीण पोचतो. आपण ऐकतो ते मुख्यतः वरचे हार्मोनिक आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू खालचा सा स्वतः उभा करतो. हार्मोनिक जागेवर नसतील तर मेंदूचा हिशोबच जुळत नाही, मग खर्ज कुठून येणार.

तारा निवडताना मी हेच बघतो. मँडोचेलोच्या सेटमधे साधारण ए साठी ०.०२२, डी साठी ०.०३४, जी साठी ०.०४८ आणि सी साठी ०.०७४ इंच असं गेज (तारेची जाडी) असतं, प्रत्येक तारेवर ११ ते १३ किलोचा ताण, आठ मिळून शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे उगाच त्याहून जाड सेट लावून घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि पेटीवर भार टाकू नका. ०.०७४ गिटारच्या नेहमीच्या सेटमधे नसते, मँडोचेलोचा सेटच मागवा. वरच्या गुंडाळीत दोन प्रकार जास्त दिसतात. '८०-२० ब्राँझ' म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, रसायनशास्त्राच्या भाषेत हे पितळच, सुरुवातीला खणखणीत पण लवकर काळवंडतं. फॉस्फर ब्राँझमधे तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस, आवाज जरा ऊबदार आणि टिकतोही जास्त. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत मी दुसऱ्याच्याच बाजूने आहे. 'अतिथंड तापमानात गोठवलेल्या' वगैरे तारा विकतात, त्यावर जादा पैसे घालवू नका, ताजी तार केव्हाही बरी.

आणि वाजवताना तार तुटली की अपशकुन मानणारे अजून भेटतात. तार तुटते ती गंज, घाम आणि खुंटीपाशी किंवा घोडीपाशी एकाच जागी सतत वाकून थकल्यामुळे. तुटलेलं टोक भिंगाखाली धरा, गंजाचे खड्डे बहुतेक वेळा दिसतातच.

नवीन सेट आला तेव्हा आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करून बघा. सी ची जोडी नीट मिळवा, एका तारेवर चौथ्या परद्याच्या जरा अलीकडे (लांबीचा पाचवा हिस्सा तिथे येतो) बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि घोडीजवळ पिक मारा. घंटीसारखा गंधार वाजतो. मोबाईलचा ट्यूनर तो ई दाखवतो आणि काटा किंचित खाली, तो तसाच हवा, कारण नैसर्गिक गंधार पाश्चात्य ई पेक्षा जरासा उतराच असतो. आता बोट काढून घोडीपासून साधारण १३ सेंटीमीटरवर, म्हणजे बरोब्बर एक पंचमांशावर छेडा, आवाजातला तो गंधार जवळजवळ नाहीसा होतो. मावसभाऊ ही जागा पंधरा मिनिटं मागेपुढे करत बसला होता.

दोन-तीन महिन्यांनी हाच गंधार मलूल वाटायला लागला की समजा वेटोळ्यांमधे घाम आणि मळ बसलाय, तो वरचे हार्मोनिक आधी खातो. वाजवून झालं की सुती फडकं तारांवरून फिरवा, पावसाळ्यात तर रोजच.