अंतराळ विजापूरइतकंच लांब आहे

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. सकाळी निघून गोलघुमट बघून लोक रात्रीच्या जेवणाला घरी असतात. आता हाच रस्ता जमिनीतून उपटून उभा करा. शंभर किलोमीटर सरळ वर गेलं की कारमान रेषा लागते. अंतराळ तिथून सुरू होतं असं मानतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवर, म्हणजे आपल्याला मुंबई जेवढी लांब तेवढंच. मग तिथे जायला एवढा खटाटोप कशासाठी?

मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्यामुळे हा प्रश्न मला नव्याने पडला. बाहेर बेचाळीस अंश, आत पंखा गरम हवा फेकतोय, आणि हा पठ्ठ्या लॅपटॉपखाली दोन वह्या सरकवून ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ खेळतोय. मेक्सिकोत तयार झालेला हा खेळ २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती आला आणि २०१५ मध्ये पूर्ण झाला. कर्बिन नावाचा एक छोटा ग्रह, त्यावर राहणारे हिरव्या तोंडाचे कर्बल. टाक्या, इंजिनं, पॅराशूट असे सुटे भाग जोडून आपण रॉकेट बांधायचं आणि त्यांना वर धाडायचं. गंमत अशी की यातलं भौतिकशास्त्र बरंचसं खरं आहे.

भाच्याचं रॉकेट दीडशे किलोमीटर वर जाऊन दगडासारखं खाली येत होतं. “मामा, वर तर गेलंय की! मग परत खाली का यायलंय?”

बरेच नवशिके इथेच अडकतात, आणि चूक त्यांची नाही. आपल्याला वाटतं, पुरेसं वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं. प्रत्यक्षात स्थानकाच्या उंचीवरही ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक पडतच असतं. फक्त ते सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर इतक्या वेगाने आडवं धावतं, त्यामुळे ते जेवढं खाली येतं तेवढीच पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळून जाते. उंची गाठणं हा सोपा भाग. इंधन खातो तो आडवा वेग. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटरच असल्याने तिथे ८० किलोमीटर उंचीच्या कक्षेला सेकंदाला २,२८० मीटर पुरतात. खेळ सोपा वाटतो तो त्यामुळेच.

म्हणून माझा पहिला सल्ला: लवकर वळा. वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास आला की नाक पूर्वेकडे पाच-दहा अंश झुकवा. दहा किलोमीटर उंचीवर रॉकेट ४५ अंशांत असावं. कर्बिनचं वातावरण ७० किलोमीटरवर, म्हणजे सोलापूर ते पंढरपूर एवढ्या अंतरावर संपतं. कक्षेचा सर्वांत उंच बिंदू नकाशात ८० किलोमीटर दिसला की इंजिन बंद करा, गुमान त्या बिंदूपर्यंत तरंगत जा, आणि तिथे आडव्या दिशेने पुन्हा इंजिन पेटवा. पूर्वेकडेच का, तर ग्रह त्या दिशेने फिरतो आणि तेवढा वेग फुकट मिळतो. आपलं सोलापूर दुपारच्या झोपेतसुद्धा सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेला धावत असतं. श्रीहरिकोटा विषुववृत्ताच्या आणखी जवळ, तिथे त्याहून थोडं जास्त.

भाचा वळला, आणि रॉकेट कोलांटी उडी मारून शेतात पडलं. कर्बिनवर शेत आहे की नाही कोण जाणे, पण पडलं हिरव्यात.

इथे मला सोलापूरची गड्ड्याची जत्रा उपयोगी पडली. होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघितलेल्या पोराला विचारलं, दिवाळीच्या बाणाला ती लांब काडी कशाला असते? काडी काढून बाण उडवला तर तो कुणाच्या अंगणात शिरेल सांगता येत नाही. हवेचा रेटा ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू वजनाच्या केंद्राच्या मागे असेल, तर वाकडं झालेलं नाक हवाच सरळ करते. काडी हेच काम करते, आणि रॉकेटच्या तळाशी लावलेले पंखही. भाच्याने पंख लावले होते, पण वर, टोकाशी. छान दिसतात म्हणून!

पंखांखेरीज दुसरा उपाय नंदीध्वजाचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत एवढी उंच काठी उभी तोलून नेणारा माणूस वरच्या टोकाशी झटत नाही. टोक जिकडे झुकेल तिकडे तो खालून सरकतो. मोठ्या रॉकेटांचं इंजिनही असंच बुडाशी किंचित डावं-उजवं वळतं. खेळात ‘स्विव्हल’ नावाचं इंजिन हे करतं, स्वस्तातलं ‘रिलायंट’ करत नाही. सुरुवातीला स्विव्हल घ्या.

इंधन कमी पडलं की टाकी वाढवायची, हा पुढचा मोह. पण टाकी वाढली की ती उचलायला आणखी इंधन, आणि ते इंधन उचलायला आणखी. लांबून पाणी आणणारा टँकर वाटेत स्वतःच पाणी पीत यावा, तसला हा व्यवहार. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये हा हिशेब समीकरणात मांडला. आपलं इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट घ्या: उड्डाणावेळी सुमारे ३२० टन, आणि ध्रुवीय कक्षेत पोचवतं पावणेदोन टन. म्हणून रिकाम्या झालेल्या टाक्या-इंजिनांचे टप्पे वाटेत टाकत जायचं आणि वरचा भाग काटकसरीने बांधायचा. वर वाचवलेला एक किलो तळाशी कित्येक किलो वाचवतो. मी तर म्हणेन, शिडी, दिवे, शोभेचे अँटेना पहिल्या महिन्यात बांधणीच्या यादीत बघूसुद्धा नका.

चौथ्या दिवशी कक्षा जमली. घरात आरडाओरडा झाला. मग लक्षात आलं की टाकी रिकामी आहे. त्या कक्षेतून परतायला वेग सेकंदाला ४५ मीटरने कमी केला तरी भागतं. कक्षेचं खालचं टोक हवेत शिरतं आणि पुढचं ब्रेक लावायचं काम हवा करते. एवढंसुद्धा उरलं नव्हतं. कर्बल वर अडकला, दर ३१ मिनिटांनी कर्बिनला एक फेरी मारत.

त्याला आणायला दुसरं यान गेलं आणि खरी शिकवणी सुरू झाली. अडकलेलं यान पुढे दिसत होतं. भाच्याने नाक त्याच्याकडे केलं आणि थ्रॉटल दाबला, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवला. सोलापुरात सात रस्ता चौकात पुढची रिक्षा गाठायची तर आपण हेच करू. अंतर आधी थोडं कमी झालं, मग वाढायलाच लागलं.

जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानात अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी अगदी हेच केलं होतं. स्वतःच्याच रॉकेटचा सुटलेला टप्पा गाठायला त्यांनी त्याच्या दिशेने रेटा दिला, इंधन जाळलं, आणि शेवटी नाद सोडला. कारण कक्षेत पुढे रेटा दिला की ग्रहाच्या पलीकडच्या बाजूची कक्षा उंचावते, फेरी लांबते, आणि तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं तर ब्रेक लावायचा. खाली उतरायचं. खालची फेरी छोटी, आणि तिथला वेगही जास्त. कर्बिनभोवती १०० किलोमीटरवरची फेरी साडेबत्तीस मिनिटांची, ८० वरची सव्वाएकतीस. म्हणजे खालून धावणारा दर फेरीला सव्वा मिनिटाहून जास्त कमावतो. अंतर मिटत आलं की पुन्हा वर चढायचं. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ए याच युक्तीने जेमिनी-७ पासून फूटभर अंतरावर जाऊन थांबलं. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स या यानं जोडण्याच्या मोहिमेतली दोन याने जोडली गेली, पण त्याआधी एका चाचणीत ती तीन मीटरपर्यंत आणून पुन्हा लांब नेली होती. घाई नाही, हे तिथल्या लोकांनाही पाळावं लागतं.

भाच्याला हे पटायला दोन दिवस लागले. ब्रेक मारून पुढे जायचं हे रस्त्यावर वाढलेल्या डोक्यात शिरत नाही. तिसऱ्या रात्री वीज यायची वाट बघून, लॅपटॉप पुन्हा चालू करून, त्याने यान अडकलेल्या कर्बलपासून दोन मीटरवर आणून थांबवलं. मीही श्वास रोखून उभा. कर्बल बाहेर आला, तरंगत दारापाशी पोचला, आणि पाटी आली: जागा नाही.

एकाच आसनाची कॅप्सूल होती, आणि उड्डाणापूर्वी खेळ त्यात आपणहून एक चालक बसवतो. तो आधी उतरवून ठेवायचा आणि यान चालवायला माणसाविना चालणारा प्रोब कोर लावायचा, हे आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं.

भाचा जूनमध्ये त्याच्या गावी गेला. पहिला कर्बल अजून वरच आहे. आता पुढची मोहीम दिवाळीत, तीन आसनांची.