परदेश सहलीसाठीची चलनमर्यादा

परदेशी सहलीला निघालेल्या प्रवाशाने किती पैसा देशाबाहेर न्यावा, याला सरकारने घातलेली कमाल मर्यादा. परकीय गंगाजळी तुटपुंजी असताना ती इंधन, धान्य व यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी राखावी, हा तिचा मूळ हेतू. श्रीमंत देशांनाही तिचा आधार घ्यावा लागला आहे: पौंड सावरण्यासाठी ब्रिटनने १९६६ साली आपल्या पर्यटकांना स्टर्लिंग क्षेत्राबाहेर (पौंडाशी चलन जोडलेल्या देशांच्या गटाबाहेर) वर्षाला जेमतेम ५० पौंडांची मुभा ठेवली होती.

गोवामुक्तीनंतर (१९६१) एस्कुदो या पोर्तुगीज चलनाची जागा रुपयाने घेतली आणि गोमंतकीय प्रवासी भारतीय विनिमय नियंत्रणाखाली आला. ‘फेरा’ या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात हे नियंत्रण अतिशय कडक होते. १ जून २००० पासून लागू झालेल्या ‘फेमा’ या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने ते सैल केले. रिझर्व्ह बँकेने २००४ साली आणलेल्या उदारीकृत प्रेषण योजनेत (परदेशी पैसे पाठवण्याच्या सवलतीत) सुरुवातीची मर्यादा २५,००० डॉलर होती. ती पुढे २ लाखांवर गेली, पण ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळताच ७५,००० वर आणली गेली. गंगाजळीवर ताण आला की ही मर्यादा आजही पुन्हा आवळली जाऊ शकते, हे त्यावरून दिसते. २०१५ पासून ती प्रत्येक निवासी व्यक्तीस, अल्पवयीन मुलांसह, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर असून तीत सहल, शिक्षण, भेटीदाखल दिलेली रक्कम व गुंतवणूक हे सारे येते.

सामान्य कुटुंबाच्या सहलीला ही वार्षिक मर्यादा क्वचितच आड येते. खरी अडचण होते ती रोखीच्या अटीची. बहुतेक देशांसाठी एका फेरीत माणशी ३,००० डॉलरपर्यंतच्याच परकी नोटा मिळतात, बाकीची रक्कम कार्डावर भरून घ्यावी लागते. पणजी किंवा मडगावच्या अधिकृत विनिमय केंद्रात पासपोर्ट आणि पॅन तपासले जाते, आणि ५०,००० रुपयांवरील खरेदीचे पैसे रोखीने न घेता बँकेमार्फत घेतले जातात. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावरील १८० दिवसांत परत करायच्या असतात. नाण्यांना मात्र मर्यादा नाही.

नेपाळ व भूतानच्या सहलीसाठी परकीय चलन दिले जात नाही. अन्य देशांत जाताना भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात, आणि गोव्यातील दाबोळी वा मोपा विमानतळावरून मायदेशी परतणाऱ्या बहुतेक विदेशी पर्यटकांनाही हीच मर्यादा आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयाला कोणते नियम लागू होतील, हे पासपोर्टावरून नव्हे, तर कायद्याने ठरवलेल्या निवासावरून ठरते.