अमेरिकेतल्या शाळांत प्रार्थनेला बंदी? मुळीच नाही

‘१९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अमेरिकेतल्या शाळांतून देवाला हाकललं’ हा दावा अजून फिरतो. खटला होता एन्गल विरुद्ध व्हिटाले. न्यूयॉर्कच्या सरकारी शिक्षण मंडळाने २२ शब्दांची प्रार्थना स्वतः रचून शाळांना दिली होती. नको असेल त्या मुलाने गप्प बसावं, अशी मुभाही होती. तरी कोर्टाने ६-१ ने ती अडवली: प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं कामच नव्हे.

मुलांच्या स्वतःच्या प्रार्थनेला हात लावलेला नाही. डबा उघडताना हात जोडा, गणिताच्या पेपरआधी देवाचं नाव घ्या (तेव्हा तर घेतातच!), चालतं. १९८४ च्या कायद्यानुसार, केंद्राचा निधी घेणाऱ्या सरकारी हायस्कूलने बुद्धिबळ क्लबला जागा दिली, तर मुलांच्या बायबल क्लबलाही द्यावी लागते. शिक्षकाने वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेतली, की मात्र घोडं अडतं.