पिस्तूल जितकं लहान, तितकं चालवायला सोपं?

‘नवशिक्याला छोटं पिस्तूल द्या, धक्का कमी बसतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे.

ग्लॉक कंपनीची दोन पिस्तुलं, मोठं ग्लॉक १९ आणि लहान ग्लॉक ४३, शेजारी ठेवून बघा. दोन्हींत तीच ९ मिलिमीटरची गोळी. पहिल्याचं रिकामं वजन सुमारे ६०० ग्रॅम, नळी १०२ मिलिमीटर. दुसऱ्याचं सुमारे ४६० ग्रॅम, नळी ८७. गोळी तीच आणि पिस्तूल हलकं, म्हणजे ते जास्त वेगाने मागे उसळणार. त्यात मूठ आखूड. करंगळीला टेकायला जागाच उरत नाही, ती हवेत लोंबते आणि प्रत्येक गोळी झाडल्यावर पकड नव्याने बसवावी लागते. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं (माशीमधलं) अंतरही कमी होतं, त्यामुळे नेम धरताना झालेली बारीकशी चूक लक्ष्यावर मोठी दिसते.

स्लाइडचंही, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचंही, तेच. ती लहान आणि हलकी, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते; हातात जोर कमी असलेल्यांना ती ओढणं जड जातं, आणि नेमकं त्यांनाच हे पिस्तूल सुचवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

लहान पिस्तूल कपड्यांखाली सहज लपतं, एवढं मात्र खरं. पण ते सराव झालेल्या हाताचं हत्यार आहे.