इंग्रजी स्वल्पविरामाच्या नियमांमागचा इतिहास

इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यावा, हा प्रश्न शिकणाऱ्याला वर्षानुवर्षे छळतो. याचे मूळ या चिन्हाच्या इतिहासात आहे. बोलताना जिथे थांबतो तिथे स्वल्पविराम द्यावा, असे आजही अनेक ठिकाणी शिकवले जाते. प्रत्यक्षात तपासणारा मात्र वाक्याची रचना पाहतो. हे दोन निकष वेगवेगळ्या काळांतले आहेत.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनीसने वाचकाच्या सोयीसाठी ओळीच्या तळाशी, मध्यावर आणि माथ्यावर टिंबे देण्याची पद्धत सुचवली. त्या काळी मजकूर शब्दांत अंतर न सोडता लिहिला जाई आणि बहुधा मोठ्याने वाचला जाई, म्हणून कुठे किती थांबायचे, एवढेच ही टिंबे सांगत. पुढे मध्ययुगीन हस्तलिखितांत विरामासाठी तिरपी रेघ रूढ झाली. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यातून पंधराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या पुस्तकांत खाली उतरलेला, वळणदार स्वल्पविराम दिसतो, आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजी छपाईतही स्थिरावला.

चिन्ह स्थिरावले तरी वापर मात्र श्वासावरच चालत राहिला. रॉबर्ट लौथने 1762 च्या आपल्या व्याकरणात तर विरामांचे मापच दिले: अर्धविराम स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत स्वल्पविरामांची जी दाटी दिसते, ती या दृष्टीतून समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली 1791 मध्ये मंजूर झालेली दुसरी दुरुस्ती हे तिचे ठळक उदाहरण आहे. तिच्या प्रचलित पाठात तीन स्वल्पविराम आहेत आणि शेवटचा थेट कर्ता व क्रियापद यांच्या मधोमध पडतो. आज एखाद्या विद्यार्थ्याने असे लिहिले तर ती चूकच ठरेल, तेव्हाच्या वाचकाला मात्र ती विसाव्याची साधी जागा वाटत असावी.

मूकवाचन रुळले आणि वाक्ये आटोपशीर झाली, तसे स्वल्पविरामाचे काम बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीच्या वापरावर मार्गदर्शक पुस्तके लिहिणाऱ्या फाउलर बंधूंसारखे लेखक अनावश्यक स्वल्पविरामांविरुद्ध स्पष्टपणे लिहू लागले. यादीतल्या शेवटच्या घटकाआधीचा स्वल्पविराम ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने आपल्या खिळे जुळवणाऱ्यांसाठीच्या नियमांत स्वीकारला, म्हणून त्याला ऑक्सफर्डचे नाव मिळाले. ब्रिटनमधली बरीच वृत्तपत्रे मात्र तो सहसा देत नाहीत. माझ्या मते अर्थ दुहेरी होण्याची शक्यता असेल तिथे तो निःसंकोच द्यावा.

या चिन्हाचे वजन अमेरिकेच्या मेन राज्यातल्या दूधवाहतूक चालकांच्या खटल्यात दिसले. जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांच्या यादीत ‘packing for shipment or distribution’ (पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण) असे शब्द होते आणि ‘or’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे ‘वितरण’ हे स्वतंत्र काम की बांधणीचाच भाग, हे ठरेना. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली, 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि राज्याने तो कायदा दुरुस्त करताना यादीतल्या घटकांमध्ये अर्धविराम घातले.